जर्मन शिकताय? आधी तोंडातली मराठी वापरा (उच्चार आणि रोजचं बोलणं)

डॅन्यूबकाठी

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, गेली सहा वर्षं जर्मनीत उल्ममध्ये. इथे यायच्या आधी पुण्यात क्लास लावून ए-वन (जर्मनची पहिली पातळी) केलं होतं, मार्कही बरे पडले होते. त्या जोरावर पहिल्याच आठवड्यात बेकरीत गेले आणि दोन ब्रेत्सल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) मागितले. पिशवीत तीन आले.

दोन म्हणजे त्स्वाय. माझ्या तोंडून निघालं ‘ज्वाय’. काउंटरमागच्या बाईंनी ऐकलं ‘द्राय’, म्हणजे तीन. शिवाय मी दोन बोटं दाखवली होती, पण अंगठा नीट मिटला नव्हता. जर्मन माणूस बोटांवर मोजायला अंगठ्यापासून सुरुवात करतो: अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं बोट तीन. म्हणजे मी तोंडानेही तीन मागितले आणि हातानेही. (फोनवर हा घोटाळा जर्मनांचाही होतो, म्हणून ते दोनला मुद्दाम ‘त्स्वो’ म्हणतात.)

घरी येऊन तिसरं ब्रेत्सल खाताना डोक्यात आलं की क्लासमध्ये झेडचा उच्चार (त्स्वाय झेडनेच सुरू होतो) आम्हाला इंग्रजीतून शिकवला होता, ‘कॅट्स’मधला टी-एस वगैरे. अहो, हा तर चटणीतला च!

म्हणून पाहा. चटणी, चूल, चोर, चाक. आता चहा, चिमणी, चेहरा. पहिल्या च ला जीभ दातांवर, दुसऱ्याला टाळूवर. जर्मन झेड म्हणजे पहिला. आगगाडीला जर्मनमध्ये काय म्हणतात? त्सूक. आपल्या ‘चूक’ या शब्दाचा जो उच्चार, तोच. इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याला या आवाजासाठी मेहनत घ्यावी लागते, आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालाय.

फक्त एक खोच आहे. आपला हा दातांवरचा च इ-ई आणि ए च्या आधी सहसा टिकत नाही, तिथे टाळूवरचा च येतो. त्यामुळे दहाला ‘त्सेन’ म्हणताना मराठी जीभ घसरून ‘चेन’ म्हणते, सोनसाखळीवाली. उपाय: ‘त्सा, त्सो, त्सू’ म्हणत जीभ दातांवर बसवायची आणि ती न हलवता ‘त्से, त्सी’ म्हणायचं. दहा मिनिटं रोज, भांडी घासताना.

हेच ज चं. स्वराआधीचा एस जर्मन लोक जहाज, जोर, जुना यांतल्या ज सारखा म्हणतात. सूर्य म्हणजे ज़ोनऽ. पण ‘तुम्ही’ला शब्द आहे ‘ज़ी’, आणि आपण म्हणतो ‘जी’, सासऱ्यांना हाक मारल्यासारखं! खाली टिंब असलेला ज दिसला की जहाज आठवायचं.

‘मी’ म्हणजे इह्य. यातला शेवटचा आवाज लोक इश, इख, इक असा काहीही करतात. ‘ह्या’ म्हणा. आता तेच कुजबुजत म्हणा आणि सुरुवातीचा ह् लांबवा. मांजर फिस्कारल्यासारखा वारा येईल. तोच तो.

दोन टिंबंवाला यू: ‘ई’ म्हणा, जीभ अजिबात हलवू नका, फक्त ओठांचा चंबू करा. दोन टिंबंवाला ओ: ‘ए’ म्हणत चंबू. हे दोन्ही मराठीत नाहीत, इथे आरशासमोर उभं राहण्याला पर्याय नाही.

बाकीचं गाड्यांवरून लक्षात ठेवा. व्ही चा बहुतेक वेळा फ आणि डब्ल्यू चा व, म्हणून आपली फोक्सवॅगन तिकडे फोल्क्सवागन आणि बीएमडब्ल्यू ‘बे-एम-वे’. पोर्शऽ, शेवटचा ई (मी ऽ लिहितेय तो) गिळायचा नाही, पण ‘ए’ही म्हणायचा नाही. डांकऽ, बिटऽ तसंच. ‘डांके’ म्हणाल तर ऐकणाऱ्याला कळेल, पण कानाला खटकेल.

बोलण्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, दूध उतू जातंय.

नाशकातली_नवखी

मस्त धागा! तीन महिन्यांनी स्टुटगार्टला जायचंय, नवरा आधीच गेलाय. व्हिसासाठी ए-वन द्यावं लागणार आहे. माझ्या मैत्रिणीला नाही द्यावं लागलं, मला का? आणि परीक्षेत बोलायला नक्की काय लावतात? घाम फुटलाय.

(चूक-त्सूक वाचून स्वयंपाकघरात एकटीच हसले.)

म्युनिकचा_मिलिंद

@नवखी, जोडीदाराच्या व्हिसाला ए-वनची अट २००७ पासून आहे. ब्लू कार्डवाल्यांच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) जोडीदारांना त्यातून सूट असते, मैत्रिणीचं तसं असणार.

बोलण्याची परीक्षा गटात होते, साधारण पंधरा मिनिटं. आधी स्वतःची ओळख: नाव, वय, देश, राहता कुठे, भाषा, काम, छंद. एवढं तर झोपेतून उठवलं तरी येतं. लोक अडकतात ते पुढे, कारण परीक्षक म्हणतो, आता नावाची अक्षरं सांगा. आणि एखादा नंबर सांगा. मग विषयाच्या कार्डांवरून एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि चित्रांच्या कार्डांवरून काहीतरी मागायचं. शंभरातले साठ मिळाले की पास.

अक्षरांत आपला घात इंग्रजी करते. जर्मनमध्ये ई म्हणाल की समोरचा आय लिहितो, आणि इंग्रजीतल्या ई ला ते ‘ए’ म्हणतात. जे म्हणजे ‘योट’. जी म्हणजे ‘गे’. व्ही ‘फाउ’, डब्ल्यू ‘वे’, झेड ‘त्सेट’, वाय ‘युप्सिलॉन’. जोशी असाल तर योट-ओ-एस-हा-ई. कुलकर्णी: का-ऊ-एल-का-आ-एर-एन-ई. हे परीक्षेपुरतं नाही बरं का. डॉक्टरची वेळ घेताना, वीज जोडताना, बँकेत, जिथे जाल तिथे आडनावाचं हे पारायण करावं लागतं. माझ्या पहिल्या पत्रपेटीवर माझंच आडनाव असं काही लागलं होतं की पोस्टमन दोन आठवडे फिरकला नाही.

निवृत्त_मास्तर

धागाकर्तीने च चं उत्तम सांगितलं. एक भर घालतो.

आकडे. जर्मनमध्ये एकवीसला ‘आय्न-उन्ट-त्स्वान्त्सिह्य’ म्हणतात, शब्दशः ‘एक आणि वीस’. इंग्रजी माध्यमात शिकलेली मंडळी इथे फार कुरकुर करतात की आकडा उलटा का. अहो, आपला एकवीस तरी काय आहे? एक आधी, वीस मागाहून. सत्तेचाळीस ऐकताना आपल्याला सात आधीच ऐकू येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. ज्यांचे पाढे मराठीतून झालेत त्यांनी जर्मन आकडे इंग्रजीमार्गे शिकूच नयेत.

आणि वेळ. ‘हाल्प द्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’, अर्थ अडीच. हे ऐकून सगळे चक्रावतात. पण आपला ‘अडीच’ आला कुठून? संस्कृत ‘अर्धतृतीय’. तिसरा अर्धा. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला. ‘दीड’ आला ‘द्व्यर्ध’वरून. जर्मनमध्ये दीडला ‘आन्डर्टहाल्प’ असा शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ ‘दुसरा अर्धा’. म्हणजे आपले पूर्वज आणि त्यांचे पूर्वज एकाच पद्धतीने मोजत होते. आपण पुढे साडेतीन, साडेचार सुरू केलं; ते जुन्यावर राहिले, ‘हाल्प फीअर’ म्हणजे साडेतीनच.

म्युनिकचा_मिलिंद

मास्तर, हे सहा वर्षांपूर्वी कुठे होतात? घरमालकाने किल्ली द्यायला ‘हाल्प नॉयन’ला बोलावलं होतं. नॉयन म्हणजे नऊ, म्हणून मी साडेनऊला गेलो. तो साडेआठपासून जिन्यात उभा होता. एक तास. काही बोलला नाही, नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

डॅन्यूबकाठी

मास्तर, 🙏. अर्धतृतीय मला माहीतच नव्हतं.

यात अजून गंमत ऐका. आमच्या इकडे श्वाबियात आणि पूर्वेकडेही काही भागांत सव्वादोनला ‘फिर्टल द्राय’ म्हणतात, ‘पाव तीन’. पावणेतीनला ‘द्रायफिर्टल द्राय’, ‘पाऊण तीन’. हॅम्बुर्गचा माणूस यावर इथल्यांशी वाद घालतो, मराठी माणसाला मात्र ‘पाऊण’ ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.

आता बोलण्याबद्दल. मला सर्वांत उपयोगी पडलं ते हे: जर्मन वाक्य इंग्रजीतून रचू नका. ‘मला गरम होतंय’ हे इंग्रजीमार्गे गेलं की ‘इह्य बिन हाय्स’ होतं, आणि त्याचा अर्थ भलताच, चारचौघांत लाज वाटेल असा निघतो. मराठीमार्गे जा: मला म्हणजे ‘मीअर’. मीअर इस्ट हाय्स. मला थंडी वाजतेय, मीअर इस्ट काल्ट. मला आवडलं, एस गेफेल्ट मीअर. मी बरी आहे, मीअर गेट एस गूट, म्हणजे ‘मला बरं चाललंय’. आपल्या ‘मला’ची सवय असलेल्या माणसाला हे सोपं आहे.

‘वाइल’ म्हणजे कारण. वाइल इह्य काय्नऽ त्साइट हाबऽ: ‘कारण माझ्याकडे वेळ नाही’. क्रियापद थेट शेवटी. इंग्रजीवाले यावर महिने घालवतात, आपण तर आयुष्यभर क्रियापद शेवटीच टाकतोय. उलट साध्या वाक्यात आपली पंचाईत होते. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं: ‘आज शिकते मी जर्मन’. हॉइटऽ लेर्नऽ इह्य डॉइच. (या डॉइचमधला च मात्र चहातला!)

आणि ‘डॉख़’. हा छोटासा शब्द पुस्तकात अर्धं पान खातो. कुणी विचारलं, ‘जेवली नाहीस?’ आणि तुम्ही जेवला असाल तर मराठीत काय म्हणाल? ‘जेवलेय की!’ तो ‘की’ म्हणजे डॉख़.

मांडवीतीर

वाचतोय. तीन लिंगांचा विषय कुणीच काढला नाही? तो-ती-ते आपल्याकडे आहे म्हणून डेअर-डी-डास सोपं, असं सगळे सांगतात.

मुलगी नपुंसकलिंगी कशी, ‘डास मेटह्यन’, यावर सगळे हसतात. आम्हां गोंयकारांना हसू येत नाही. कोंकणीत ‘चेडूं’ नपुंसकच, ‘तें चेडूं’. मराठीतही ‘ते पोरगं’ आहेच. जर्मनमध्ये कारण वेगळं आहे, शेवटचं ‘-ह्यन’ लाडाचं, छोटं करणारं, आणि असे सगळे शब्द नपुंसक. पण कानाला ओळखीचं वाटतं.

बोलतो_ते_लिहितो

थोडा विरोध करतो, राग मानू नये. मी पुण्यात दुभाषा म्हणून काम करतो, नवशिक्यांनाही अधूनमधून शिकवतो.

एक, तीन लिंगं आहेत म्हणून सोपं, हा भ्रम आहे. कल्पना सोपी, शब्द नाहीत. चमचा तो, डेअर ल्योफल, जुळलं. काटा तो, पण डी गाबल, ती. सुरी ती, पण डास मेसर, ते. एका ताटात तिघे. मराठी लिंग लावाल तर फसाल. शब्द पाठ करताना डेअर-डी-डास सकट पाठ करा, नाहीतर पुढे बी-वनच्या पातळीला रडाल.

दोन, देवनागरीत उच्चार लिहून शिकायची सवय लागली की ट-ड मराठी होतात. आपला ट जीभ मागे वळवून. जर्मन टी म्हणजे आपल्या त आणि ट च्या मधली जागा, वरच्या हिरडीवर, आणि शब्दाच्या सुरुवातीला हलका श्वास, ठ कडे झुकलेला. ‘टाक’, म्हणजे दिवस, आपण कोरडा म्हणतो तेव्हा जर्मन कानाला तो ‘डाक’ वाटतो. प आणि क लाही हाच नियम. तोंडासमोर कागद धरा, हलला पाहिजे.

तीन, शब्दाच्या शेवटचा ग, ड, ब कठोर होतो. हुंड नाही, हुन्ट. गेल्ड नाही, गेल्ट. आपल्या कानाला ही कंजुषी वाटते, पण हवीच.

आणि ऱ्हस्व-दीर्घ! मराठी माणूस लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो आणि बोलताना सगळं एकाच लांबीचं बोलतो. जर्मनमध्ये मीटऽ म्हणजे घरभाडं, मिटऽ म्हणजे मध्य. भाडं विचाराल आणि मध्य मिळेल.

डॅन्यूबकाठी

राग कसला, ट चं अगदी पटलं. देवनागरी ही काठी आहे, हे मान्य. पण पहिल्या महिन्यात काठी नसेल तर लोक इंग्रजीची कुबडी घेतात, आणि ती सुटत नाही.

ऱ्हस्व-दीर्घावरून: मी ऑफिसात पहिल्या दिवशी ‘स्वयंपाकघर कुठाय?’ विचारायला गेले. स्वयंपाकघर म्हणजे क्युह्यऽ. मी म्हणाले ‘कूख़न’. म्हणजे केक. सहकारी इतका आशेने उभा राहिला, ‘केक? कुठे आहे केक?’ दुसऱ्या दिवशी मलाच करून न्यावा लागला. पण यातून एक नियम कायमचा डोक्यात बसला. आ, ओ, ऊ, आउ नंतर घशातला ख़, बाकीकडे मांजराचा ह्य. कूख़न, बूख़, नाख़्ट एकीकडे; क्युह्यऽ, इह्य, लाय्ह्ट दुसरीकडे.

नाशकातली_नवखी

सगळं वहीत उतरवतेय. मोफत ऐकायला काय आहे? आणि तू-तुम्ही कुणाला काय म्हणायचं?

म्युनिकचा_मिलिंद

ऐकायला: डॉइच वेले (जर्मनीची सरकारी प्रसारण संस्था), त्यांचा मोफत अभ्यासक्रम आहे आणि सावकाश वाचलेल्या बातम्याही. बातम्या ए-वनला समजणार नाहीत, तरी लावून ठेवा, चाल कानात बसते.

तू म्हणजे डू, तुम्ही म्हणजे ज़ी. आपल्याकडे ‘अरे-तुरे करणे’ आणि ‘अहो-जाहो करणे’ आहे ना, तशी जर्मनमध्ये दोन अख्खी क्रियापदं आहेत, ‘डूत्सन’ आणि ‘ज़ीत्सन’. अनोळखी मोठ्या माणसाला ज़ी आणि आडनाव, हेअर (श्री) किंवा फ्राउ (श्रीमती) लावून. सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस म्हणतो, चला आता डू म्हणू. आपण होऊन घाई करू नये. घरात मात्र सरसकट डू, सासू-सासऱ्यांनाही.

नमस्कार म्हणून बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, आलात तर ‘ग्रूस गॉट’, हॅम्बुर्गला गेलात तर दिवसभर ‘मॉइन’. पावाला म्युनिकमध्ये ‘ज़ेमल’, श्वाबियात ‘वेकलऽ’, बर्लिनमध्ये ‘श्रिपऽ’. पुस्तकातलं ‘ब्र्योटह्यन’ बहुतेक सगळीकडे समजतं.

डॅन्यूबकाठी

@नवखी, बेकरीसाठी ही घ्या शिदोरी.

ती: वास डार्फ्स ज़ाय्न? (काय देऊ?)
तुम्ही: इह्य हेटऽ गेर्न त्स्वाय ब्रेत्सल्न. (मला दोन ब्रेत्सल हवी होती. ‘हवी होती’ म्हटल्यावर आपलंही बोलणं कसं मऊ होतं, तसं हे ‘हेटऽ’.)
तुम्ही, पैसे देताना: मिट कार्टऽ, बिटऽ.
ती: श्योनन टाक नॉख़!
तुम्ही: डांकऽ, ग्लाय्ह्यफाल्स. (तुम्हालाही.)

आणि अंगठा मिटा.

नाशकातली_नवखी

(साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय.)

पास झाले, ७८! काल स्टुटगार्टात पहिली बेकरी. अंगठा मिटला, त्स्वाय चटणीतल्या च ने म्हटलं, दोनच आली. पण मग त्या बाई झरकन काहीतरी म्हणाल्या, ‘ज़ॉन्स्नॉख़वास?’ असं. मला वाटलं ‘ठीक आहे ना?’ म्हणतायत. मी ‘या, या’ म्हणत मान हलवली. त्या थांबल्या. मीही थांबले. मागे रांग. त्यांनी परत विचारलं, मी परत ‘या’. शेवटी त्या इंग्रजीवर आल्या आणि मी कार्ड पुढे केलं. काय म्हणत होत्या?

डॅन्यूबकाठी

अभिनंदन!! ‘ज़ॉन्स्ट नॉख़ वास?’ म्हणजे ‘अजून काही?’ तुम्ही दोनदा ‘हो, हो’ म्हणालात, बिचाऱ्या वाट बघत होत्या. नको असेल तर ‘डास वार्स’. आणि पुन्हा कुणी इंग्रजीवर आलं तर ‘इह्य लेर्नऽ नॉख़’ म्हणायचं, मी अजून शिकतेय. बहुतेक जण लगेच सावकाश जर्मनवर येतात.

म्युनिकचा_मिलिंद

मान कशी हलवलीत पण? आपल्यासारखी आडवी-तिरकी? मग त्यांना ‘या’ ऐकू आलं आणि ‘नाही’ दिसलं असणार.